मैदानात बसायला कारण कशाला हवं?

(उन्हाळी सुट्टीत आपापल्या मोहल्ल्यात शनिवार-रविवारचे उपक्रम चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मला विषय दिलाय, 'मोहल्ल्यातला उन्हाळी उपक्रम कसा चालवावा'. ते मी सांगणारच आहे. पण आजच्या बैठकीच्या शेवटी आपल्यापुढे एक ठराव आहे, त्याबद्दलही बोलणार आहे. एका भल्या माणसाने आपल्याला वातानुकूलित हॉल देऊ केलाय. पूर्ण सुट्टीभर, शनिवार-रविवार संध्याकाळी, फुकट. अट एवढीच की मुलींचे कार्यक्रम तिथे व्हावेत. मुलगे मैदानात, मुली हॉलमध्ये. त्यांची नियत साफ आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही माझं मत ठरावाच्या विरोधात आहे. आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही सावध होऊन ऐकाल.

माझा जन्म नागपाड्यातला. अब्बा रत्नागिरीकडचे, गोदीत कामाला. आमच्या खिडकीतून रोज संध्याकाळी बास्केटबॉलचा आवाज यायचा. नागपाडा आणि बास्केटबॉल हे नातं इथे बसलेल्या मुंबईकरांना सांगायला नको. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. दवाखाना, वाचनालय, खेळ, सगळं वस्तीच्या मधोमध. १९३६ मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा पहिला वर्ग भरला तोही त्याच वास्तूत. भारताचा कर्णधार झालेला, अर्जुन पुरस्कार मिळवलेला अब्बास मुंतसिर याच नागपाड्यातला. त्यामुळे 'हे शनिवार-रविवारचे उपक्रम म्हणजे वांद्र्याच्या लोकांचे चोचले' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आपल्या गल्लीत हे शंभर वर्षांपूर्वी सुरू झालंय.

पण माझ्यापुरतं सांगायचं तर मी तो चेंडू फक्त ऐकला. वीस वर्षं ऐकला. सामना असला की भाऊ पळत जायचा. आम्ही बहिणी खिडकीत. आम्हाला कुणी मनाई केली होती असंही नाही. मनाई करायला आधी विचारावं लागतं, आणि आम्ही कधी विचारलंच नाही.

आता आपल्या उपक्रमाकडे येते. दोन वर्षांपूर्वी, २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही पाच-सहा जणांनी सुरुवात केली. परीक्षा संपलेल्या. ज्यांना गाव आहे ते कोकणात, आझमगढला, साताऱ्याला गेलेले. ज्यांना गाव नाही किंवा जायला पैसे नाहीत ती मुलं दीडशे चौरस फुटांच्या खोलीत. मुंबईत एका माणसाच्या वाट्याला मोकळी जागा येते जेमतेम सव्वा चौरस मीटर. जानमाज अंथरली की संपली. आणि हा सगळ्या शहराचा हिशेब. भायखळा, नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा अशा दाट वस्तीत तेवढीही नाही. राणीची बाग जवळ आहे, १८६२ पासून आहे, झाडं तर अशी की बघत राहावं. पण २०१७ मध्ये तिचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. चार पोरांच्या आईने दर रविवारी तिथे जावं असं आता आपण म्हणू शकत नाही. उरतं ते वस्तीतलं मैदान.

वेळ आम्ही ठरवली संध्याकाळी पाच ते सात. यात तडजोड करू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने माणसं गेली, हे आपण विसरता कामा नये. मे महिन्यात मुंबईचा सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. असरनंतर सुरू करायचं आणि मगरिबच्या अजानीला सतरंज्या गुंडाळायच्या. पाण्याचे माठ, मीठ-साखरेचं पाणी आणि सावलीला ताडपत्री आधी, बाकी सगळं मागाहून.

ध्वनिक्षेपक नाही. पाहुणे नाहीत, सत्कार नाहीत, बक्षिसं नाहीत. चार कोपरे करायचे. एकात चित्र, एकात अक्षर, एकात खाणं आणि मधे खेळ.

अक्षराचा कोपरा सगळ्यात गाजला. आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क कातिब आहेत. उर्दू वर्तमानपत्रं हाताने लिहिली जायची तेव्हा त्यांच्या हाताला उसंत नव्हती. संगणक आला आणि तो हात रिकामा झाला. त्यांनी मुलांना बोरू छाटायला शिकवलं. टोक तिरकं कसं कापायचं, त्याच बोरूचा ठिपका काढून अलिफ किती ठिपके उंच आणि बे किती ठिपके लांब हे कसं मोजायचं. शेजारच्या चाळीतला एक मुलगा आपलं नाव उर्दूत लिहून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा आले. म्हणाले, "आमच्या वाडवडिलांकडे मोडीतले कागद आहेत, तेही बोरूनेच लिहिलेले." आणि दोन म्हातारे सतरंजीवर बसून दौतीतली शाई घट्ट झाली की पातळ यावर तासभर बोलत राहिले. मुलं कंटाळून खेळायला गेली. ते तसेच बसून होते.

गाण्याचंही तेच. मोहल्ल्यातल्या पोरांचा डफ आणि चाळीतल्या पोरांची हलगी एकत्र आली. मी त्यांना सांगितलं, "बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल नावाचा एक मुलगा होता, त्याला सगळा महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि गिरणगावात उघड्या मैदानात ते गायले." मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मोठ्यांनाही नव्हतं.

खाण्यात मात्र आम्ही पहिल्या वर्षी सपशेल चुकलो. दर घरातून एक पदार्थ मागवला. बायकांनी दुपारभर घरच्या भट्टीत उभं राहून केलं, पुरुषांनी डबे आणून वाटले आणि वाहवा घेतली. ज्यांनी केलं त्या मैदानात आल्याच नाहीत. भांडी परत कधी येतात याची घरी वाट बघत बसल्या. आणि चाळीतल्या लोकांनी काहीच खाल्लं नाही. कशात काय असेल कोण जाणे, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण ताटं तशीच राहिली.

तिढा सोडवला एका मावशींनी. त्या चाळीत राहतात, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांना कुरडया घालायच्या होत्या आणि त्यांच्या चाळीच्या गच्चीला कुलूप होतं. आमच्या इमारतीची गच्ची उघडी, ऊन कडक. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून चीक तयार झाला. तो शिजवताना ढवळायला दोन धट्टीकट्टी माणसं लागतात, तर आमच्या विणकर मोहल्ल्यातल्या दोन सुना पदर खोचून उभ्या राहिल्या. सोऱ्यातून कुरडई पडताना बघून त्यातली एक म्हणाली, "ही तर आमच्या सेवईची बहीण." गरम चीक मुलांनी वाट्या वाट्या खाल्ला. कावळे हाकलायला दहा पोरं गच्चीवर. त्या दिवसापासून प्रश्न मिटला. मग ताडगोळे आले, कैरीचं पन्हं, कोकमाचं सरबत आलं, आमच्याकडून फणसाच्या रसाचं सांदण गेलं. पुढे कुणी काय खायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. कुणी तहरी खाल्ली, कुणी नुसतं पन्हं प्यायलं. त्यावर चर्चा झाली नाही.

तेव्हापासून आम्ही दोन नियम केले. शिजवायचं ते मैदानातच, आणि जिने शिजवलं ती पहिल्या पंगतीला बसणार. भांडी घासणार मुलगे आणि त्यांचे बाप. पहिल्या शनिवारी बापांची तोंडं बघण्यासारखी होती. तिसऱ्या शनिवारी ते राख चांगली की साबण यावर वाद घालत होते.

आता मुलींचं. पहिल्या वर्षी सुरुवातीला आम्ही मुलांना एक काम दिलं होतं. 'माझा मोहल्ला' असा नकाशा काढा. सत्तरएक नकाशे झाले. मुलग्यांच्या नकाशात मैदान, वडापावची गाडी, सायकलवाला, स्टेशन, बेकरी, पतंग अडकलेलं झाड. कागद पुरेना. मुलींच्या नकाशात घर, शाळा, मदरसा, क्लास आणि या चार ठिकाणांना जोडणाऱ्या रेघा. बारा वर्षांच्या एका मुलीने आमच्या इमारतीचा जिना काढला होता, प्रत्येक पायरीसकट. कुठल्या मजल्यावर पायरी तुटलीय तेही होतं. तिच्या कागदावर मैदानही होतं. नुसता चौकोन. आत काही नाही. मी विचारलं, "बेटा, हे रिकामं का?" ती म्हणाली, "आपा, मी बाहेरूनच बघितलंय."

तीस वर्षं मी या मुलींना शिकवलं. भूगोल शिकवला. घरापासून दोनशे पावलांवरच्या मैदानात त्या कधी गेल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कारण मीही गेले नव्हते.

'व्हाय लॉयटर' नावाचं एक पुस्तक आहे, २०११ चं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की, या शहरात बाई रस्त्यावर दिसते खरी, पण तिच्या हातात कारण असावं लागतं. पिशवी, वह्या, मूल, कामाचा डबा. विनाकारण रेंगाळण्याची मुभा तिला नाही. मुलग्याला 'कुठे होतास' विचारलं तर 'असाच बसलो होतो' हे उत्तर चालतं. मुलीला ते उत्तर देऊन बघा. उन्हाळी उपक्रमाने आपण मुलींना काय देतो? चित्रकला, शिवण, मेंदी हे सगळं त्या घरातही शिकू शकतात. मैदानात असंच बसणं घरात शिकता येत नाही.

पहिल्या वर्षी मुली येत, पण तासाभरात गायब होत. आम्हाला वाटलं घरचे बोलावतात. नंतर कळलं, मैदानात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. 'राइट टू पी' ही मोहीम मुंबईत २०११ पासून हेच सांगतेय आणि आम्ही कार्यकर्ते म्हणवणारे विसरलो. शेजारच्या शाळेचं स्वच्छतागृह दोन तास उघडं ठेवायला आम्ही राजी केलं, तर मुली सातपर्यंत थांबू लागल्या. नुसत्या एका किल्लीने हे झालं. आया येऊन कट्ट्यावर बसू लागल्या. आया बसल्या म्हणून मुली खेळल्या, आणि मुली खेळतात म्हणून आयांना बसायला निमित्त मिळालं.

मग गेलं वर्ष. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. आपल्या महाराष्ट्रातली माणसंही त्यात मारली गेली. आमचा पहिला शनिवार होता २६ तारखेला. शुक्रवारी रात्री बैठक झाली. कुणी म्हणालं, यंदा बंद ठेवू. कुणी म्हणालं, चाळीतून कुणी येणार नाही. त्यातच एक तक्रार आधीपासून होती की मोठ्या मुली उघड्यावर उड्या मारतात, बरं दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या आणि शेवटी ठरलं की मुलग्यांचं मैदानात होऊ दे, मुलींना शाळेच्या हॉलमध्ये नेऊ, 'सध्या वातावरण ठीक नाही'.

हे वाक्य मीच बोलले होते, म्हणून आज सांगते आहे. बाकीच्यांनी नुसती मान डोलावली.

त्या शनिवारी काय झालं? कुरडयांच्या मावशी पाच वाजता मैदानात आल्या. हातात पन्ह्याची बरणी. म्हणाल्या, "बाई, उशीर नाही ना झाला?" आणि मग इकडेतिकडे बघून, "पोरी कुठायत?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या वातावरणाला घाबरून मी मुलींना आत नेलं, त्या वातावरणातून ही बाई एकटी चालत आली होती.

हॉलमध्ये पंखे होते, पाणी होतं, चटया होत्या. पहिल्या दिवशी चाळीस मुली. तिसऱ्या आठवड्यात अकरा. आया येईनात, कारण हॉलमध्ये बसून बघायचं काय? धाकट्या भावाला मैदानात सोडायच्या निमित्ताने येणाऱ्या बहिणीही गळाल्या. आणि मैदानात, तीन आठवड्यांत, मुलींची जागा भरून गेली. कुणी हाकललं नाही. क्रिकेटची खेळपट्टी फक्त थोडी लांब झाली. कट्ट्यावर आयांच्या जागी पोरं बसली. आम्ही १७ मेला मुलींना परत आणलं तेव्हा त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून परवानगीची वाट बघत होत्या. आदल्या वर्षी याच मुली धावत आत शिरायच्या.

त्यांना परत खेळायला एक शनिवार आणि एक रविवार मिळाला. पुढचा शनिवार-रविवार सरींनी भिजवला आणि सोमवारी, २६ मेला, मुंबईत मान्सून दाखल झाला. एरवी ११ जूनच्या आसपास येणारा पाऊस पंधरवडाभर आधी आला. अख्ख्या उन्हाळ्यातून त्या मुलींच्या वाट्याला मैदानाच्या दोन संध्याकाळी आल्या. नकाशावाली मुलगी आता चौदा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी ती दहावीला जाईल, क्लास लागेल, मग काय होतं ते या खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तिच्याकडे फार उन्हाळे नाहीत.

म्हणून ठरावाबद्दल. हॉल घेऊ नका असं मी म्हणत नाही. त्या सद्गृहस्थांना आपण नम्रपणे सांगू की हॉल द्या, पण सगळ्यांसाठी, आणि पाऊस आला तर. कातिब चाचांना दम लागतो, त्यांचा बोरूचा वर्ग तिथे घेऊ, मुलगे-मुली एकत्र. पण मैदानाच्या बदल्यात हॉल नको. मुंब्र्यात परचमच्या मुलींनी फुटबॉल खेळायला मैदान मिळावं म्हणून सह्या गोळा केल्या, घरोघरी जाऊन बोलल्या. त्यांनी हॉल मागितला नव्हता.

कुणी म्हणेल, आपा, विरोध झाला तर? होईल. पहिल्या वर्षीही झाला. तक्रार करणाऱ्या चाचांना आम्ही माठात पाणी भरायचं काम दिलं होतं. ते दर शनिवारी येत, पाणी भरत, तक्रार करत आणि सातपर्यंत बसत. त्यांची नातही खेळत असे. विरोध करणारा माणूस आपल्या मैदानात बसलेला बरा. हॉलचं दार लावून घेतलं तर त्याच्याशी बोलणंच संपतं.

आणि वातावरण? ते यंदा ठीक असेल याची हमी माझ्याकडे नाही. पुढच्या वर्षीचीही नाही. ठीक होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर मी साठी ओलांडली, अजून थांबलेच आहे.

एक छोटी गोष्ट सांगून थांबते. गेल्या वर्षी त्या शेवटच्या रविवारी, खेळ संपल्यावर, एका मुलीने माझ्या हातात बास्केटबॉल दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो जमिनीवर आपटला. आवाज तोच होता, खिडकीतून यायचा तो. फक्त चेंडू वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. मुली हसल्या, मीही हसले.

यंदाचा पहिला शनिवार २५ एप्रिल. माठ कुणी आणायचे, ताडपत्री कुणी बांधायची आणि शाळेची किल्ली कुणाकडे राहील, याची यादी मी केली आहे. ठरावावर मत द्या आणि मग त्या यादीत आपापलं नाव लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.